खडावा, क्लॉम्पेन आणि सतरा मुलं: सिंटरक्लास पार्टीच्या प्रकल्प नोंदी

२६ ऑक्टोबर २०२५, रविवार

काल फराळाला नऊ कुटुंबं जमली होती, तिथेच ठरलं की यंदा सिंटरक्लासची पार्टी आपण सगळ्यांनी मिळून करायची आणि नोंदी मी ठेवायच्या. आज घड्याळं तासभर मागे गेली, पोरं पहाटेच उठून बसली, म्हणून लगेच लिहायला घेतेय.

जे लोक नेदरलँड्समधे नवीन आलेत त्यांच्यासाठी थोडक्यात: सिंटरक्लास म्हणजे सांताक्लॉज नव्हे. हा मायराचा बिशप संत निकोलस, मायरा आताच्या तुर्कस्तानात येतं. त्याचा दिवस ६ डिसेंबर, पण इथे खरी मजा ५ तारखेच्या संध्याकाळी असते. तो नोव्हेंबरच्या मध्यात स्पेनहून आगबोटीने येतो आणि ५ ला भेटवस्तू वाटून परत जातो. त्याआधीचे तीन आठवडे मुलं अधूनमधून रात्री झोपताना शेकोटीजवळ नाहीतर हीटरजवळ आपला बूट ठेवतात, त्यात घोड्यासाठी गाजर ठेवतात, आणि बुटासमोर उभं राहून गाणं म्हणतात. सकाळी गाजर गायब, बुटात मूठभर क्राउडनोटन (छोटी, गोल मसालेदार बिस्किटं), एखादं संत्रं किंवा चॉकलेट.

ठरलेलं: पार्टी शनिवार २९ नोव्हेंबर, दुपारी ३ ते ६. ५ तारखेनंतर ठेवून उपयोग नाही, संत निघून गेलेला असतो, मुलं पहिला प्रश्न तोच विचारतील. मुलं १७, वय ३ ते १०. प्रत्येक कुटुंबाचे २० युरो म्हणजे १८० जमतील. जागा म्हणून आमच्या गल्लीतला सार्वजनिक हॉल, ६० युरो.

माझं काम खेळ, गाणी आणि बूट.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

पहिली अडचण घरातूनच आली. आई फलटणहून सहा आठवड्यांपूर्वी आलीये, डिसेंबरच्या मध्यात परत जाणार. जेवताना तिला सगळा बेत सांगितला तर ती घास थांबवून म्हणाली, "चपलेत खाऊ? आणि तो पोरांनी खायचा?"

मी समजावायला लागले की अगं इथली पद्धत आहे, शाळेत पण ठेवतात, तर ती काही रागावली नाही पण एवढंच म्हणाली की तू लहानपणी चप्पल घालून देवघरासमोरून गेलीस तर मी तुला परत पाय धुवायला लावायचे, आता तुझ्या पोराला मी काय सांगू. आणि धाकटा (वय ५) हे सगळं ऐकत होता. रात्री अंथरुणात मला विचारतो, "शाळेत ठेवला तर आजी रागावेल का?"

हे मला लागलं. आपण रोज दारात आल्याआल्या ओरडतो की बूट काढ, बूट बाहेर, हात लावलास तर हात धू. तिकडे शाळेत बाई सांगतात बूट आण, त्याच्यासमोर गाणं म्हण. पाच वर्षांच्या पोराने यातलं काय खरं मानायचं? ते त्याच्यावर सोडून देणं मला पटत नाही. आईचं म्हणणं मला जुनाट वाटत नाही, खाण्याचा पदार्थ आणि रस्त्यावरचा तळवा वेगळे ठेवायचे हे मलाही पटतंच. म्हणजे पार्टीत बूट हवा, पण आईला तो चालला पाहिजे. हे आता या प्रकल्पाचं मुख्य काम.

२ नोव्हेंबर, रविवार

तोडगा आईनेच काढला.

सकाळी मी मोबाइलवर धाकट्याला क्लॉम्पेन दाखवत होते, म्हणजे इथले लाकडी बूट, आई मागून बघत म्हणाली "या तर खडावा आहेत." मग जरा वेळाने भाजी निवडता निवडता तीच बोलायला लागली, की आपल्याकडे काय पायातल्या वस्तूपुढे गात नाहीत का, भरताने रामाच्या पादुका सिंहासनावर ठेवल्या, आणि पालखीत काय असतं, माउलींच्या पादुकाच असतात की. आमचं फलटणचं घर पालखीच्या वाटेवरच आहे, लोणंद, तरडगाव, मग फलटणचा मुक्काम, माझ्या जन्माच्या आधीपासून आई दरवर्षी दर्शनाला उभी राहतीये. नीरेला पादुकांना स्नान घालतात ते तिने कितीतरी वेळा बघितलंय. ती म्हणाली, "पादुकांपुढे आख्खा महाराष्ट्र गातो. फक्त त्या कोणी घालून बाजारात जात नाही."

बस. हाच नियम ठरला. ज्या बुटात खाऊ पडणार तो कधीच कोणाच्या पायात गेलेला नसावा. लाकडी असला तर उत्तमच. आणि पार्टीत त्यांना क्लॉम्पेन म्हणा नाहीतर खडावा म्हणा, दोन्ही चालेल.

धाकट्याला आजीनेच सांगितलं की शाळेत बाई सांगतील तसं खुशाल कर, तिकडची रीत तिकडे, फक्त खाऊ कागदात गुंडाळलेला असेल तोच खा. तो लगेच खेळायला पळाला.

८ नोव्हेंबर, शनिवार

खरेदीचा दिवस. चार तास फिरलो.

क्लॉम्पेन पॉपलर किंवा विलोच्या लाकडाचे करतात, लाकूड ओलं असतानाच कोरतात आणि मग वाळवतात. नवीन घालायचे जोड महाग पडतात, लहान मुलांचे पण वीस युरोच्या पुढेच दिसले, १७ जोड घेणं शक्यच नव्हतं. मग शेजारच्या डच काकूंनी सांगितलं क्रिंगलोपमधे जा. क्रिंगलोप म्हणजे जुन्या वस्तूंचं दुकान, लोक नको असलेलं आणून देतात आणि ते स्वस्तात विकलं जातं. तिथे शोभेच्या छोट्या क्लॉम्पेनचा ढीगच सापडला, वीतभर लांबीचे, काहींवर पवनचक्की रंगवलेली, काही नुसते पिवळे, लोकांनी आठवण म्हणून घेतलेले आणि कपाटावर ठेवलेले. इतके छोटे की कोणाचा पाय त्यात गेलेला असणं शक्यच नाही. आईची अट आपोआप पूर्ण झाली!! तीन दुकानं मिळून १७ जोड जमले, एकूण २६ युरो. घरी आणून गरम पाण्याने पुसून ठेवलेत, आतून बटर पेपर लावणार.

खेळांसाठी मात्र घालायचे मोठे क्लॉम्पेन लागतील, ते विकत नकोत, डच काकूंच्या ओळखीतून सहा जोड उसने मिळतायत. त्यांनी एक चांगली गोष्ट सांगितली, की क्लॉम्प घेताना टाचेमागे एक बोट जाईल एवढी जागा ठेवायची आणि आत जाड लोकरीचे मोजे घालायचे, लाकूड वाकत नाही त्यामुळे पाय आत थोडा पुढेमागे सरकायला हवा. मुलांच्या पायांची मापं घेऊन ठेवली. इथला नंबर म्हणजे एक नंबर वाढला की दोन तृतीयांश सेंटीमीटर वाढतं, भारतात आपण जो नंबर सांगतो तो ब्रिटिश पद्धतीचा, त्यात एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच. त्यामुळे भारतातून आणलेले बूट आणि इथले बूट यांचा ताळमेळ लावताना दरवेळी गोंधळ होतो. पट्टीने सेंटीमीटरमधे मोजावं, नंबराच्या भानगडीत पडूच नये.

चॉकलेटची अक्षरं: इथे प्रत्येकाला नावाच्या आद्याक्षराचं चॉकलेट देतात. सगळी अक्षरं वजनाला सारखी असतात, आय बारीक दिसतो म्हणून तो जाड करतात आणि एम रुंद म्हणून पातळ, म्हणजे कोणावर अन्याय नको. हे मला फार आवडलं. आर, एस, एम, ए भरपूर मिळाली. आमच्यात वायवाली दोन मुलं आहेत आणि वाय चार दुकानांत दिसलं नाही. त्यांच्या आयांना विचारून दोघांना एस (सिंटरक्लासचा एस) घेतलाय. १७ अक्षरांचे ४१ युरो.

पुड्यावरचे घटक वाचणं मस्ट आहे. फेसाळ मऊ गोळ्यांमधे बहुतेक वेळा जिलेटिन असतं, आमच्यात सहा घरं पूर्ण शाकाहारी. मार्झिपान बदामाचं, पण एका मुलीला सुक्यामेव्याची अॅलर्जी आहे म्हणून तेही बाद.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज सेंट मार्टिन. अॅमस्टेलवेनमधे (अॅमस्टरडॅमशेजारचं आमचं गाव) आणि या उत्तर हॉलंड भागात ११ तारखेला मुलं संध्याकाळी कंदील घेऊन दारोदार फिरतात, गाणं म्हणतात, लोक खाऊ देतात. आमच्या पोरांनी दिवाळीचे छोटे आकाशकंदील काठीला बांधून नेले. आई खिडकीतून शेवटपर्यंत बघत होती. परत आल्यावर धाकट्याने पिशवी आजीच्या ओटीत रिकामी केली.

प्रकल्पाचं काम शून्य.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज संताचं आगमन, दुपारी सगळे टीव्हीपुढे. आगबोटीतून उतरतो, मग पांढऱ्या घोड्यावर बसतो. घोड्याचं नाव ओझोस्नेल, २०१९ पासून हा आहे, त्याच्या आधी अमेरिगो होता. आगबोट काही फार प्राचीन नाही, अॅमस्टरडॅमचे शिक्षक यान स्खेंकमन यांच्या १८५० च्या मुलांच्या पुस्तकात संत आगबोटीने येतो, तिथून ते रूढ झालं. त्या काळी आगबोट म्हणजे तशी नवीच गोष्ट.

ग्रुपवर एक विषय निघाला आणि तो नीट लिहून ठेवते. संताचे मदतनीस म्हणजे पीत, पूर्वी चेहरा काळा रंगवून, कुरळा केसांचा टोप घालून करायचे. त्यावर इथे बरीच वर्षं निदर्शनं आणि वाद झाले, आणि २०१९ पासून टीव्हीवरच्या राष्ट्रीय आगमनात फक्त काजळीचे फटकारे लावलेले पीत असतात, धुराड्यातून आल्यासारखे. आमच्यात एकाने विचारलं की जुना पोशाख भाड्याने मिळतोय, घ्यायचा का. मी स्पष्ट नाही म्हंटलं आणि आणखी सात घरं माझ्या बाजूने होती. आपली मुलं इथे शाळेत सावळी म्हणून ओळखली जातात, त्यांच्यासमोर कोणीतरी तोंड काळं करून वेंधळेपणा करायचा हे मला सहन होणार नाही. आपले पीत रंगीत टोपी घालतील, चेहऱ्यावर काही नाही. विषय संपला.

संध्याकाळी सुपरमार्केटमधे गेलो. इथे दुकानंही बूट ठेवून घेतात, मुलांनी एक बूट आणि एक रंगवलेलं चित्र आणून द्यायचं, दोन दिवसांनी भरलेला बूट घेऊन जायचा. ब्रेडच्या रॅकशेजारी वीसेक छोटे बूट ओळीने ठेवलेले, प्रत्येकात गुंडाळलेलं चित्र. धाकट्याने जुना, आता लहान होणारा रबरी बूट दिला आणि निघताना तीनदा वळून बघितलं. मला ती ओळ बघून गलबलून आलं. एक एक बूट इतका एकटा दिसतो जोडीशिवाय.

१६ नोव्हेंबर, रविवार

घरी खेळाची चाचणी. खेळ म्हणजे डॉबलस्पेल, इथला या सणाचा फाशांचा खेळ. सगळ्यांनी छोटी पुडकी मधे ठेवायची, गोल बसून फासा टाकायचा. १ आला तर एक पुडकं उचल, २ आला तर उघड, ३ आला तर तुझं डावीकडच्याला दे, ४ आला तर कोणाशीही अदलाबदल, ५ ला सगळ्यांनी आपापलं उजवीकडे सरकवायचं, ६ ला गाणं म्हण. प्रत्येक घराचे नियम वेगळे असतात. वीस मिनिटांनी अलार्म वाजतो, ज्याच्यापुढे जे असेल ते त्याचं.

मोठ्यांना मजा येते. मुलांच्यात सातव्या मिनिटाला रडारड. धाकट्याने उघडलेली कार ४ नंबरमुळे ताईकडे गेली आणि तो जो रडायला लागला तो अर्धा तास. शेजारची दोन मुलंही आली होती, त्यातला एक पण रडला. म्हणजे १७ मुलांच्यात हे असंच खेळलं तर हॉलमधे काय होईल ते दिसतंय.

विचार चालू: उघडल्यावर हिसकावणं नको. पण अजिबात अदलाबदल नसेल तर खेळच राहत नाही.

दुसरा खेळ मात्र जबरदस्त जमला. दारातल्या सगळ्यांच्या चपला-बुटांचा ढीग करायचा, डोळ्यांवर ओढणी बांधायची आणि हाताने चाचपून जोडी लावायची, तोवर मागे गाणं चालू, गाणं थांबलं की हात वर. मोठ्यांनी पण खेळायला मागितलं. नंतर सगळ्यांनी हात धुवायचे, साबणाने, हे आजीच्या देखरेखीखाली.

२३ नोव्हेंबर, रविवार

पाऊस. मुलांना घेऊन राइक्सम्यूझियमला गेलो, १८ वर्षांखालच्यांना तिकीट नाही. मला यान स्टेनचं सेंट निकोलसच्या सणाचं चित्र दाखवायचं होतं, साधारण १६६५ ते ६८ मधलं. एका घरातली ५ डिसेंबरनंतरची सकाळ. मधे छोटी मुलगी बाहुली आणि खाऊने भरलेली बादली घट्ट धरून उभीये. डावीकडे एक मोठा मुलगा रडतोय, कारण त्याच्या बुटात खाऊऐवजी छडी निघालीये आणि एक मुलगी तो बूट हातात धरून उभीये. साडेतीनशे वर्षं झाली, बूट तोच आणि रडणंही तेच, मला लगेच मागच्या रविवारचा आमच्या घरातला हॉल डोळ्यासमोर आला.

आई बराच वेळ उभी होती. मग हळूच म्हणाली, "ती मागची आजी बघितलीस का." मी इतक्या वेळा हे चित्र पुस्तकात बघितलंय पण मला ती कधी दिसली नव्हती. अगदी मागे, पलंगाच्या पडद्याजवळ म्हातारी उभीये, रडणाऱ्या पोराकडे बघून बोटाने बोलावतीये. म्हणजे पडद्यामागे त्याच्यासाठी काहीतरी लपवलंय.

ट्राममधे येतानाच नियम ठरला. डॉबलस्पेल तसाच खेळायचा, हिसकावण्यासकट. पण हॉलच्या कोपऱ्यात साडीचा पडदा लावायचा आणि मागे आई बसेल. ज्याला रडू येईल त्याने उठून पडद्यामागे जायचं, तिथे त्याला एक पुडकं मिळेल आणि ते कोणीही घेऊ शकत नाही. कोणी विचारायचं नाही, हसायचं नाही. नऊही घरांना मेसेज केला, सगळ्यांचे होकार आले.

त्या संताची एक दंतकथा पण आईला सांगितली, की एका गरीब बापाच्या तीन मुलींच्या हुंड्यासाठी संताने रात्री गुपचूप सोन्याच्या थैल्या घरात टाकल्या, काही जण सांगतात त्या वाळत घातलेल्या मोज्यात नाहीतर बुटात पडल्या, म्हणून बुटात सोन्याच्या रंगाचं संत्रं आणि चॉकलेटची नाणी. आई म्हणाली हुंडा तिकडेही होता म्हणजे. मग घरी येईपर्यंत गप्प होती.

२६ नोव्हेंबर, बुधवार

क्राउडनोटन घरी करायचे ठरवलं. विकतचे ऑगस्ट संपायच्या आतच दुकानात येतात, पण मुलांच्या हातून घडलेले वेगळे. प्रमाण: २५० ग्रॅम सेल्फ रेझिंग मैदा, १२५ ग्रॅम ब्राउन साखर, १०० ग्रॅम बटर, दोन चमचे दूध, चिमूटभर मीठ आणि एक मोठा चमचा स्पेक्युलासचा (इथलं मसालेदार बिस्किट) मसाला. गोळा मळून अर्धा तास फ्रीजमधे, मग सुपारीएवढ्या गोळ्या करून थोड्या दाबायच्या, १६० अंशांवर पंधरा ते वीस मिनिटं. अंडं लागत नाही, म्हणून सगळ्यांना चालतं. चार पट केलं, २२ युरो सामानाचे.

मसाला घरी केला. दालचिनी जास्त, मग लवंग, जायफळ, सुंठ, वेलची, पांढरी मिरी. आईने वास घेतल्यावर म्हणाली ह्यात नवीन काहीच नाही, सगळा आपल्याच डब्यातला. आणि खरंच, हे मसाले डच जहाजांतून पूर्वेकडूनच इकडे आले. तिने स्वतःहून वेलची दुप्पट टाकली. मी अडवलं नाही.

मुलांनी ताटभर वळले. थोरलीने प्रत्येक गोळी वजनकाट्यावर ठेवायला सुरुवात केली, चॉकलेटच्या अक्षरांसारखं कोणावर अन्याय नको म्हणून, चाळीसएक गोळ्यांनंतर सोडून दिलं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

गाण्याची तालीम. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

इथल्या सणाच्या गाण्यांत बूट येतोच, एक तर चार ओळींचं अगदी लहान मुलांचं आहे, माझ्या बुटात काहीतरी टाक एवढंच मागणं. ते सगळ्या मुलांना शाळेतून पाठ आहे. आमच्या पार्टीत ते होणारच. पण आईने एक मराठी करून दिलं, भोंडल्याच्या गाण्यासारखं सोपं, फेर धरून म्हणता येईल असं:

खडावा मांडल्या ओळीनं
गाजर ठेवलं आजीनं
घोडेवाल्या बाबा ये
पोरांना थोडा खाऊ दे

पुढची कडवी मुलांनी रचायची, गाजरच्या जागी काहीही, कोणी म्हणालं भाकर ठेवली आईनं, कोणी म्हणालं सायकल लावली बाबानं. इथे हा सण कवितांचाही असतो, मोठी माणसं चिठ्ठ्या टाकून एकमेकांसाठी भेट आणतात आणि तिच्यासोबत त्या माणसावर रचलेली यमकं वाचून दाखवतात, संताच्या नावाने. ते आम्ही मोठ्यांसाठी ठेवलंय, १० युरोची मर्यादा.

मग ठेक्याचा खेळ. सहा जोड मोठे क्लॉम्पेन, एक मूल लाकडी फरशीवर पायाने ठेका धरतं, टक टक-टक टक, बाकीचे पाच तो परत वाजवतात, चुकेल तो पुढचा ठेका देणार. लाकडाचा आवाज इतका खणखणीत येतो की दुसरं वाद्य लागत नाही. एका घरातून दोन लेझीम पण आल्यात.

माझी कल्पना होती की क्लॉम्पेन घालून मुलं वारकऱ्यांसारखी पावली करतील आणि आई ज्ञानोबा-तुकाराम म्हणेल. आईने ऐकून घेतलं आणि नको म्हणाली. "ठेका धरा, नाचा, काही करा. नामाला पायात काही नको." मी आग्रह केला नाही. तिने पादुका आणि खडावा यांची गाठ घालून दिली म्हणून मी सगळंच एकत्र करायला निघाले होते, ते बरोबर नव्हतं. पावली होईल, पण क्लॉम्पेन काढून, अनवाणी.

हॉलवाल्यांचा फोन, लाकडाने फरशीला चरे पडतील का. योगा मॅट नेतोय.

२९ नोव्हेंबर, शनिवार (रात्री)

झालं. पाय दुखतायत पण आज लिहिलं नाही तर विसरेन.

तीनला सुरू करायचं होतं, साडेतीनला सुरू झालं. दारात चपला-बुटांचा हा ढीग, मुलं-मोठे मिळून चव्वेचाळीस जोड मोजले. त्यामुळे जोडी लावायचा खेळ आपोआप मोठा झाला. जिंकली ती सहा वर्षांची मुलगी, ती प्रत्येक बुटाचा आतला भाग चाचपत होती, बाहेरचा नाही, कारण बाहेरून सगळे काळे स्नो बूट सारखेच लागतात पण आत लोकर कोणाची चपटी झालीये कोणाची नाही ते कळतं. मोठ्यांना हे सुचलं नव्हतं.

ठेक्याच्या खेळाला सुरुवातीला मुलं बिचकली, क्लॉम्पेन घालून चालताच येत नव्हतं, पाय उचलून टाकावा लागतो. पाच मिनिटांत जमलं. मग थांबेचनात. मॅटमुळे आवाज जरा दबला तरी समोरच्या घरातले आजोबा बघायला आले आणि दारात उभं राहून तेही पायाने ठेका द्यायला लागले.

डॉबलस्पेलमधे चार मुलं पडद्यामागे गेली. चारही जण दोन मिनिटांत परत आली, पुडकं छातीशी धरून. पाचवा एक मुलगा रडत नव्हता तरी गेला, आईने त्यालाही दिलं. आत काय बोलली ते मला सांगितलं नाही.

मग दिवे कमी केले आणि १७ जोड छोट्या खडावा खिडकीखाली पाटांवर ओळीने मांडल्या. हो, पाटांवर, ते आईने सांगितलं, जमिनीवर नको. शेजारी एक मोठं गाजर आणि पाण्याचा वाडगा. सगळी मुलं समोर बसली, आधी डच गाणं, मग आईचं. अठरा-वीस कडवी तरी झाली असतील, संपेचना. तेवढ्यात दारावर थापा आणि दारातून मूठमूठ क्राउडनोटन आत भिरकावले गेले, ही पण इथलीच रीत, संत किंवा पीत हात आत घालून खाऊ उधळतात. आमची तीन वर्षांची छोटी मुलं लगेच ओट्या पसरून बसली कारण त्यांना ते बोरन्हाण वाटलं! संक्रांतीला डोक्यावरून बोरं-चुरमुरे ओततात तसंच. एक जण तर गोळा करून आईपाशी आणून द्यायला लागला. आधी स्वच्छ चादरी अंथरल्या होत्या म्हणून उधळलेला खाऊ खाल्ला तरी कोणाला काही वाटलं नाही. सगळे दारात गोळा करण्यात गुंग असताना मागे खडावांमधे अक्षरं, संत्री आणि पुड्या ठेवून झाल्या. गाजराचा शेंडा कुरतडून ठेवला.

धाकट्याने आपली खडाव उचलली, आत बघितलं, आणि सगळ्यात आधी आजीला नेऊन दाखवली. आजीने त्यातला एक क्राउडनोट उचलून तोंडात टाकला. मला बाकी काही नको होतं.

शेवटी पावली, अनवाणी, दहा मिनिटं. आईने म्हंटलं आणि लेझीमवाल्यांनी साथ दिली.

३० नोव्हेंबर, रविवार

हिशोब: हॉल ६०, छोटे क्लॉम्पेन २६, अक्षरं ४१, क्राउडनोटनचं सामान २२, संत्री १२. एकूण १६१. जमा १८०. शिल्लक १९ युरो, लेझीमच्या तुटलेल्या चकत्यांसाठी ठेवतोय.

उसने सहा जोड पुसून परत दिले. डच काकूंना एक डबा क्राउडनोटन दिला, त्यांनी विचारलं वेलची कोणी टाकली, त्यांना फार आवडले.

पुढच्या वेळी: ३ ते ४ वयाच्या मुलांसाठी वेगळा फासा, त्यात फक्त १, २ आणि ६. ठेक्याच्या खेळाला आणखी चार जोड. आणि जोडी लावायच्या खेळाआधी प्रत्येक बुटाच्या आत नावाची चिठ्ठी चिकटवायची, हे आज सकाळी सुचलं.

७ डिसेंबर, रविवार

ती चिठ्ठीची गोष्ट उशिरा सुचली हे आज कळलं. ग्रुपवर एका आईचा मेसेज, की मुलगा आठवडाभर बूट चावतात म्हणतोय, मला वाटलं पाय वाढला म्हणून काल नवीन घ्यायला दुकानात घेऊन गेले, तिथल्या मुलीने पाय मोजला तर ३२ आणि बुटाच्या आत ३१ लिहिलेलं. दहा मिनिटांनी दुसऱ्या घरातून उत्तर, आमची सारखी अडखळत होती, आत्ता बघितलं तर आमच्याकडे ३२ आहेत. तोच काळा स्नो बूट, तोच रंग, पावणेसात मिलिमीटरचा फरक. दुपारी दोन्ही मुलं सायकलवरून आमच्याकडे आली आणि दारातच बसून अदलाबदल केली. आईने आतून हाक मारून सांगितलं, आधी हात धुवा मग आत या, उरलेले क्राउडनोटन डब्यात आहेत.